तेल्याचं दार

दिवाळी जवळ आली की पेठेतल्या कुणाला ना कुणाला माझी आठवण होते. "बुवा, तुम्ही इतकी वर्षं पाद्र्याशेजारी उभे राहिलात, एखादी गंमत सांगा की." सणासुदीला लोकांना गंमतच हवी असते. मी सांगायला लागलो की मला ठसका लागतो, आणि ठसका थांबेपर्यंत ऐकणारे फराळाकडे वळलेले असतात. म्हणून यंदा लिहूनच काढतो. अर्ध्यावर टाकून उठणाऱ्याचं तोंड तरी मला दिसायचं नाही. आणि आधीच सांगतो, यात गंमत थोडी आहे.

माझा धंदा दुभाष्याचा. आमचं घराणं मूळचं वसईचं, किरिस्ताव. वसईवर भगवं निशाण लागलं तेव्हा आजोबा तिथून उठले, पुण्याला आले आणि श्रीमंतांच्या तोफखान्याला चिकटले. घरात आजी फिरंगी बोलायची, दारात पेठेतली मंडळी मराठी बोलायची, त्यामुळे दोन्ही भाषा मला फुकटात मिळाल्या. तोफ ढकलायचं बळ अंगात नव्हतं. उरली जीभ, तिच्यावर पोट भरलं.

त्या काळी तोफखान्यावर किरिस्ताव बरेच होते. गोव्याकडचे, वसईकडचे, काही थेट समुद्रापलीकडचे. श्रीमंतांना त्यांच्या नेमाची गरज होती आणि त्यांना त्यांच्या देवाची. म्हणून सरकारातून पेठेच्या टोकाला इगर्जीसाठी, म्हणजे आमच्या देवळासाठी, जागा मिळाली. मातीच्या भिंती, वर कौलं, मागं थोडं आवार, त्या आवारात आमचे मेलेले. पाद्री गोव्याहून यायचे. त्यांना मराठी येत नसे, आणि समोर बसलेल्या निम्म्या बायकांना फिरंगी येत नसे. मधे मी उभा.

काम ऐकायला सोपं आहे. एकानं बोलायचं, तो थांबला की तुम्ही तेच दुसऱ्या भाषेत बोलायचं. करून बघा म्हणजे कळेल. आमच्या प्रार्थनेत देवाकडे रोजची भाकर मागायची असते. मी भाकरच म्हणायचो, कारण बायकांना तीच ठाऊक. एकदा एका गोलंदाजाच्या घरी पाद्रीबाबांच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा आला. चावून चावून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हळूच विचारलं, "हीच का ती, जी आपण देवाकडे रोज मागतो?" म्हटलं, "हीच. आणि रोज मिळत नाही." त्यांनी भाकरी संपवली.

पापनिवेदनाला दुभाषी लागला की तेही काम मीच करायचो. तिथलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून एवढंच सांगतो की बायका स्वतःची पापं कमी आणि सासूची जास्त सांगत.

माझा नेम एकच होता. पदरचं घालायचं नाही आणि आलेलं गाळायचं नाही. शिवी आली तर शिवी द्यायची. एकदा फडावर, म्हणजे कचेरीत, एक फिरंगी तोफप्रमुख आणि दरबारचा एक कारकून यांची जुंपली. तोफेची दारू ओली आली होती. प्रमुख मला म्हणाला, याला सांग, हा गाढवाचा मुलगा आहे. मी कारकुनाकडे वळून म्हटलं, "आपण गाढवाचे चिरंजीव आहात, असं हे म्हणतात." कारकून पक्का पुण्याचा. पागोटं सारखं करत म्हणाला, "त्यांना म्हणावं, आमचे तीर्थरूप आपल्या इतक्या जवळच्या ओळखीचे निघाले, ऐकून बरं वाटलं." मी तेही जसंच्या तसं पोचवलं. प्रमुख आधी लाल झाला, मग खो खो हसला, आणि संध्याकाळच्या आत कोरडी दारू आली. मी मधे साखर पेरली असती, तर दोघांनाही समोरचा माणूस मवाळ वाटला असता आणि दारू ओलीच राहिली असती.

हे सगळं ठीक. पण मला दिवाळीत, दारोदार पणत्या लागल्या की, आठवते ती गोजराबाई.

गोजराबाई धायरीच्या तेल्याची लेक. लहानपणी लग्न झालं, लवकर नवरा मेला, आणि पुढं कधीतरी ती तोफखान्यातल्या दुमिंगच्या घरी राहायला आली. दुमिंग आमचा गोव्याकडचा गोलंदाज. तोफेशेजारी उभं राहून राहून त्याचा डावा कान गेलेला. त्यामुळे ती त्याच्याशी प्रेमानं बोलली तरी सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. "जेवला का?" हे तिनं विचारलं की शेजारच्या दोन घरचे पुरुष "हो" म्हणायचे. भांडायची कडाकडा, पण तो मोहिमेवर गेला की कात्रजच्या नळाचं पाणी येतं त्या हौदावर घागर घेऊन गप्प बसून राहायची. धायरीला तिचं जाणंयेणं बंद होतं. भावानं तिचं नाव टाकलं होतं.

दुमिंग एका मोहिमेवरून ताप घेऊन आला आणि पुण्यात येऊन मेला. त्याला आम्ही इगर्जीमागच्या आवारात, कडुनिंबाखाली पुरला. माती लोटून झाली, लोक पांगले, आणि गोजराबाई माझ्यापाशी आली. रडली वगैरे नव्हती. रडून आली असावी.

म्हणाली, "बुवा, पाद्रीबाबांना इचारा, त्याच्या शेजारची जागा माझ्यासाठी ठेवतील का."

मी विचारलं. पाद्रीबाबा म्हणाले, तिथं फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना जागा.

"मग करा की माझा," ती म्हणाली.

इतकं सरळ. तिला स्वर्ग नको होता, मान नको होता. तिला दुमिंगच्या डाव्या अंगाला साडेतीन हात जमीन हवी होती. डाव्याच का, तर म्हणाली, त्या कानानं त्याला ऐकू येत नाही, तिकडून कुणी हाक मारली तर त्याला कोण सांगणार.

या पाद्रीबाबांबद्दल सांगायला हवं. उंच, वाळलेला माणूस. थंडीत स्वतःचं कांबळं एका महारोग्याला देऊन आला आणि महिनाभर खोकत राहिला. खोटं बोलणं त्याला जमतच नसे. प्रत्येक गोष्ट नीट, रीतीनं, वेळ घेऊन करायची. झग्याच्या घड्यासुद्धा मोजून घातल्यासारख्या. माणूस वाईट असता तर ही हकिगत मी केव्हाच विसरलो असतो.

दरबारची एक अट होती. इगर्जी तोफखान्यावरच्या किरिस्तावांसाठी, गावातल्या लोकांना बाटवायचं नाही. मी त्या पागोटंवाल्या कारकुनाला खासगीत विचारून आलो. तो म्हणाला, "तेलीण मेल्यावर कुठं निजणार, याची सरकारला काळजी नाही. वाजतगाजत करू नका म्हणजे झालं." म्हणजे ती अडचण गेली. राहिली एकच. पाद्रीबाबांना ती तयार वाटायला हवी होती. बाप्तिस्मा म्हणजे जकात नव्हे, भरली आणि सुटली, असं ते म्हणाले. आधी प्रार्थना पाठ हव्यात, मग दृष्टांत समजायला हवेत, मग ते प्रश्न विचारतील.

ती यायला लागली. दर आदितवारी उंबऱ्याबाहेर बसायची, कारण आत बसायला बाप्तिस्मा लागे. येताना करडईच्या तेलाची बुधली आणायची. वेदीसमोर आमच्याकडे एक दिवा अखंड जळत ठेवायचा असतो, त्याच्यासाठी. ती बुधली आत जायची, ती बाहेर राहायची. तेलाला बाप्तिस्मा लागत नव्हता.

मग एका आदितवारी दहा करवल्यांचा दृष्टांत आला.

मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. लग्नघर आहे. नवरदेव यायचा आहे, त्याला सामोरं जायला दहा कुमारिका दिवे घेऊन निघाल्या. पाचजणींनी दिव्याबरोबर जास्तीचं तेल घेतलं, पाचजणींनी घेतलं नाही. नवरदेवाला उशीर झाला. सगळ्या पेंगल्या, झोपल्या. मध्यरात्री हाकाटी झाली, आला आला. सगळ्या उठल्या, तर बिनतेलाच्या पाचजणींचे दिवे विझत आलेले. त्यांनी दुसऱ्या पाचजणींकडे तेल मागितलं. त्या म्हणाल्या, आम्हालाही पुरायचं नाही, दुकानात जाऊन विकत आणा. त्या आणायला गेल्या, तेवढ्यात नवरदेव आला, तयार होत्या त्या आत गेल्या, दार लागलं. मागाहून त्या पाचजणी येऊन दार ठोठावतात, तर आतून नवरदेव म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही.

पाद्रीबाबा "कुमारिका" म्हणाले, मी "करवल्या" म्हटलं. आमच्या बायकांना लग्नात दिवा घेऊन उभी राहणारी मुलगी म्हणजे करवलीच. हे पदरचं घालणं नव्हे, हे पोचवणं. एकदम सगळ्यांच्या माना वर झाल्या. मला वाटलं होतं, तेल दिलं नाही म्हणून बायका कुरकुरतील. फिरंगी बायका कुरकुरायच्याच, म्हणायच्या, शहाण्या कसल्या, कंजूष होत्या. पण आमच्या बायकांनी माना डोलावल्या. तिन्हीसांजेनंतर घरातलं तेल-मीठ कुणाला द्यायचं नाही, दिलं तर लक्ष्मी त्याच्यामागं उंबरा ओलांडून जाते, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. पाचजणींनी बरोबर केलं, असं सगळ्यांचं मत पडलं.

"या का डोलतात?" पाद्रीबाबांनी विचारलं. मी ती चाल समजावून सांगितली. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, हे तर आमच्या मोठमोठ्या पंडितांनाही सुचलं नव्हतं. मग त्यांनी अर्थ उलगडून सांगितला. नवरदेव म्हणजे येशू. दिवा म्हणजे श्रद्धा, ती दहाही जणींकडे होती. झोप म्हणजे मरण, ते शहाण्यालाही येतं आणि वेड्यालाही. तेल म्हणजे जन्मभर साठवलेलं प्रेम आणि पुण्य. ते ज्याचं त्यानं साठवायचं. शेवटच्या घटकेला ते कुणाकडून उसनं मिळत नाही, जसं तुमच्याकडे तिन्हीसांजेला मिळत नाही. दार म्हणजे न्याय. ते एकदा लागलं की लागलं.

फार छान बोलले. मीही फार छान सांगितलं, खोटं कशाला बोलू.

बाहेर पडताना गोजराबाई हसत होती. म्हणाली, "बुवा, ज्यानं गोष्ट लिहिली त्यानं तेली पाहिला नसावा. दुकान रातचं बंद असतंय, खरं हाय. पर तेल्याचं दार कुठल्याबी वेळी ठोठवा, उघडतंय. कुणाच्या घरी बाळंतीण असती, कुणाच्या घरी मयत. आमचा बा उठून दार उघडायचा. त्या पोरी माघारी आल्या, म्हंजी त्यांना तेल मिळालंच की. मग हिकडच्यानंच दार लावावं व्हय?"

पाद्रीबाबांनी मला विचारलं नव्हतं, म्हणून मी ते त्यांना सांगितलं नाही.

पास्काच्या सणाआधी तिची परीक्षा झाली. इगर्जीच्या ओसरीवर पाद्रीबाबा पाटावर, ती खाली, मी नेहमीसारखा मधे. प्रार्थना तिनं धडाधड म्हटल्या. देव किती, येशू कोण, सगळं बरोबर. मग त्यांनी त्यांचा लाडका दृष्टांत काढला.

"तेल म्हणजे काय?"

"माया," ती म्हणाली. मी सांगितलं. पाद्रीबाबांनी समाधानानं मान हलवली.

"मग पाच शहाण्या मुलींनी तेल दिलं नाही, ते योग्य केलं की नाही?"

एवढा शेवटचा प्रश्न. "योग्य केलं" म्हणायचं आणि सुटायचं. आदितवारी समोर बसणाऱ्या सगळ्या बायका तेच म्हणाल्या असत्या. मी तिच्याकडे बघत होतो आणि ती कडुनिंबाकडे बघत होती.

"तेल दिलं न्हाई, ते ठीक," ती म्हणाली. "आमची आई बी तिन्हीसांजेला तेल द्यायची न्हाई. पर कुणी बाई दिवा घिऊन आलीच, तर तिला म्हनायची, बस हितं आमच्या उजेडात. पाचांनी पाचांना हात धरून न्यायचं हुतं. एका दिव्यामागं दोघी चालत्यात की, बुवा. पाच दिवे पुरं व्हतात धा जनींना. शहान्या असून त्यांना हे कसं सुचलं न्हाई?"

मी थांबलो. दुभाष्याला थांबायला फार वेळ नसतो. समोरचा माणूस तोंडाकडे बघत असतो.

हे ठाऊक असलेले जुने लोक मला आजही विचारतात, त्या घडीला तू तिचं उत्तर का नाही सुधारलंस. दोन शब्द तर होते. योग्य केलं. मी त्यांना म्हणतो, ज्या दिवशी मी एकाचं उत्तर सुधारलं असतं, त्या दिवसापासून माझ्या तोंडून निघालेलं कुणाचंच त्याचं राहिलं नसतं. हे बोलायला बरं वाटतं. अंथरुणावर पडल्यावर इतकं बरं वाटत नाही. पण खरं कारण दुसरंच होतं. तिचं उत्तर इतकं चांगलं होतं की ते बदलायला जीभ वळेना. मला वाटलं, पाद्रीबाबा हे ऐकतील आणि उठून तिला आत नेतील. म्हणून मी एकही शब्द न गाळता सांगितलं.

ते ऐकून त्यांना काही झालंच नाही असं नाही. पाद्रीबाबांची बोटं जपमाळेवर थांबली होती. मग म्हणाले, "उत्तर दयाळू आहे. पण प्रभूनं त्या मुलींना शहाण्या म्हटलं आहे, आणि ही म्हणते त्यांना सुचलं नाही. जिला प्रभूचा शब्द अजून सुधारावासा वाटतो, ती अजून तयार नाही. पुढल्या पास्काला बघू."

मी ते मराठीत सांगितलं. पुढल्या पास्काला बघू.

ती म्हणाली, "पुढल्या साली काय येगळं असंल?" हे ती मला म्हणाली की त्यांना, ते कळलं नाही. कळलं नाही तर पोचवायचं, असा माझा नेम. मी पोचवलं. पाद्रीबाबांनी मान खाली घातली.

पुढल्या आदितवारी ती बुधली घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर बसली.

त्या साली पाऊस झाला नाही. पेठेत धान्याच्या भावाला आग लागली, घाणे थांबले, तेलाचं तर नावच नको. लोक एका पणतीवर रात्र काढायचे. मी स्वतः अंधारात जेवायचो, आणि सांगायला हरकत नाही, काय जेवतो ते दिसत नाही हे त्या दिवसांत बरंच होतं. तरी गोजराबाईची बुधली यायची. आधी भरलेली, मग अर्धी, मग तळाला चिकटलेली. मी एकदा म्हटलं, "अहो गोजराबाई, तुमच्या घरी दिवा लागतो का?" म्हणाली, "हितं लागतोय न्हवं."

मग एका आदितवारी ती आली नाही. पुढच्याही आली नाही. अखंड दिवा पिवळा पडायला लागला, तेव्हा पाद्रीबाबांच्या लक्षात आलं. "तेल का नाही आलं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःचंच बोलणं त्यांना ऐकू आलं असावं, कारण लगेच म्हणाले, "ती बाई का नाही आली? जाऊन बघ."

मी गेलो. दुमिंगची खोली गल्लीच्या तोंडाशीच होती. ती भिंतीला टेकून बसली होती, ताप आणि खोकला, हाडं वर आलेली. शेजारची म्हातारी पेज करून घालत होती. कोनाड्यात पणती होती, कोरडी.

मी म्हटलं, पाद्रीबाबांनी विचारलंय. ती म्हणाली, "त्यांना सांगा, त्या प्रश्नाचं त्यांच्या मनाजोगतं उत्तर मला अजून आलेलं न्हाई. येईल असं वाटत बी न्हाई." धाप लागली म्हणून थांबली. "पर सांगा, माझ्यापाशी तेल न्हाई. मी त्यांच्या दिव्यामागं चालंन. दिवा त्यांचाच ऱ्हाऊ दे. मला फकस्त तिथपत्तुर यायचं हाय."

मी परत आलो आणि हे जसंच्या तसं सांगितलं. पाद्रीबाबा वेदीकडे पाठ करून उभे होते. ते खाली बसले. झग्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाले, "ती तयार आहे. मीच नव्हतो."

त्याच पावली निघालो असतो तर बरं झालं असतं. पण हा माणूस कुठलीच गोष्ट रीत सोडून करायचा नाही. म्हणाले, हे काम असं धुळीच्या पायांनी करायचं नव्हे. आज मी उपास करतो. उद्या सकाळी वेदीवर तिच्यासाठी मिस्सा करतो, पाणी मंत्रतो, मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल डबीत भरून घेतो, धुतलेला झगा घालतो आणि मग जाऊ. मी म्हटलं, "पाद्रीबाबा, ती फार थकलीय." म्हणाले, "म्हणूनच. ती इतकी थांबलीय, तिला सगळं यथासांग मिळायला हवं." माणूस प्रेमानं बोलत होता.

शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणारा उगाच आशेवर राहायला नको. शेजारच्या म्हातारीनं त्याच दिवशी धायरीला निरोप धाडला होता. भाऊ बैलगाडी घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. इतक्या वर्षांनी आला, बहिणीचे पाय धरून रडला म्हणे, आणि मग दार लावून तिच्या उशाशी बसला. ती पुढच्या पहाटे गेली. तेलीआळीतली चार माणसं आली आणि त्यांनी तिला नदीवर नेलं. भावाला मी दोष देत नाही. त्याला जातीत राहायचं होतं, घरात उजवायच्या पोरी होत्या. पाद्र्याचा हात लागलेल्या बाईला खांदा द्यायला एक माणूस आला नसता. त्यानं तिला टाकलं होतं, आणि परत उचलायची त्याची हीच रीत होती. दुमिंगच्या डाव्या अंगाला ती जागा पाद्रीबाबांनी पुढं कुणाला दिली नाही. तिथं अजून गवतच उगवतं.

पण आम्ही गेलो तेव्हा यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. सगळं यथासांग होता होता दिवस गेला आणि आम्ही निघालो तिन्हीसांजेला. पाद्रीबाबांनी पांढरा झगा घातला होता. एका हातात पाण्याची कुपी, दुसऱ्यात चांदीची तेलाची डबी. वाटेत ते मला मराठी शब्द विचारत होते. मी आलो, कसं म्हणायचं. भिऊ नकोस, कसं म्हणायचं. इतकी वर्षं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी सांगत होतो आणि ते पुटपुटत घोकत होते.

गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी सोडलेली होती. दार बंद. मी कडी वाजवली.

"कोन हाय?" आतून पुरुषाचा आवाज.

"इगर्जीतून आलोय. पाद्रीबाबा आलेत. गोजराबाईंना म्हणावं, तुमचं वाट बघणं संपलं."

"हितं कुनी बोलावलं न्हाई तुमाला."

मी ते सांगितलं. पाद्रीबाबा पुढं झाले, दारावर हात ठेवला आणि आत्ताच घोकलेलं म्हणाले, "मी आलो. भिऊ नकोस." उच्चार वाईट होते, पण कळण्यासारखे होते. आत खोकल्याची उबळ आली आणि ती थांबल्यावर गोजराबाईचा आवाज ऐकू आला, अगदी बारीक. तिच्या तोंडून मी इतका हळू आवाज कधी ऐकला नव्हता.

"दादा, दारात कोन हाय?"

"कुनी न्हाई," भाऊ म्हणाला. "तू नीज."

पाद्रीबाबांनी माझा दंड धरला. "ती बोलली. काय म्हणाली? तिला सांग, तू तयार आहेस. मोठ्यानं सांग." मी मोठ्यानं सांगितलं. "गोजराबाई, पाद्रीबाबा म्हणताहेत, तुम्ही तयार आहात." गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या किलकिल्या झाल्या आणि परत लागल्या. आतून तिचं काही आलं नाही. पावलं दारापर्यंत आली. फटीतून भाऊ बोलला. आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती, तिला ऐकू जाऊ नये अशी.

"जावा बाबांनो. दार उघडायचं न्हाई. मी तुमास्नी वळखत न्हाई."

आणि आतून दाराला आडणा बसल्याचा आवाज आला.

पाद्रीबाबा तेलाची डबी हातात धरून उभे होते. "काय म्हणाला तो?"

ते वाक्य मी दृष्टांत सांगताना फिरंगीतून मराठीत आणलं होतं. मराठीतून फिरंगीत न्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. शब्द शोधावे लागले नाहीत. त्यांच्याच पोथीत होते. पदरचं काही घातलं नाही आणि आलेलं काही गाळलं नाही.

"म्हणाला, मी तुम्हाला ओळखत नाही."